पहिल्या घावाचा मान

नवे सम्राट ख्रिस्ताचे झाले आणि माझा नवरा मालखोस तांब्याच्या खाणीतून सुटून घरी आला. दारात उभा राहिलेला माणूस मला भिकारीच वाटला. मी जवाची भाकरी पुढे केली.

"मार्थाना, अगं, मी आहे," ते म्हणाले.

आधीच्या सम्राटाच्या वेळी मालखोसनी जुन्या देवांच्या नैवेद्याचं मांस खायला नकार दिला होता. त्यापायी शिपायांनी त्यांचा उजवा डोळा काढला, डाव्या घोट्याची शीर डागली आणि त्यांना खाणीत धाडलं. आता त्याच गावातल्या बायका लेकरं घेऊन यायच्या आणि त्या रिकाम्या खोबणीला ओठ लावायच्या. शेजारचा झब्दास तर त्यांना हाताला धरून प्रार्थनेला न्यायचा. शिपायांना आमचं घर दाखवलं होतं ते यानेच. आता सगळ्यांत मोठ्या आवाजात तोच गायचा.

मालखोसना मात्र एका जागी बसवत नव्हतं. अर्ध्या जेवणातून उठायचे, अंगणात लंगडत फेऱ्या घालायचे.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"लोक थुंकायचे तेव्हा मी कुठे उभा आहे ते मला कळायचं. आता कळत नाही."

एका सकाळी झब्दास पन्नासेक माणसं घेऊन आला. हातात पहारी, हातोडे. टेकडीवरच्या देवळाची काशाची दारं सम्राटाच्या माणसांनी आधीच गाडीत घालून नेली होती. आता मूर्ती फोडायची होती.

"दादा, चला! पहिल्या घावाचा मान तुमचा."

हातोडा त्यांच्या हातात कोंबला गेला. मला राहवेना, मीही मागोमाग गेले.

देवळात म्हातारा पुजारी थेमेस एकटाच होता. मालखोसच्या खटल्याच्या दिवशी मांसाचं ताट यानेच धरलं होतं. "एक घास खा रे बाबा, पोटात काय आहे ते कोण बघतंय?" असं हळूच म्हणालाही होता.

झब्दासने त्याची मानगूट पकडली. "म्हण, ख्रिस्त हाच देव. एवढं म्हण आणि सूट."

म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मालखोस त्या ओठांकडे बघत राहिले. मग हातोडा खाली ठेवून उंबऱ्यावर बसले.

"दादा, उठा ना!"

"पाय दुखतोय."

"त्या दगडाला वाचवताय?"

"दगडाचं काय करायचं ते करा. म्हातारा माझ्या घरी येणार."

"अहो, सम्राट आता आपला आहे!"

"झब्दास, तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

कुणीतरी हसलं. झब्दासने म्हाताऱ्याला सोडलं, पण पहारी थांबल्या नाहीत. माणसं मालखोसना ओलांडून आत गेली. मूर्ती पडली तेव्हा थेमेसने डोळे मिटले, आणि धुळीने आम्ही सगळेच खोकत सुटलो.

त्यानंतर आमच्याकडे लेकरं घेऊन कुणी आलं नाही. प्रार्थनेत मालखोसची जागा खांबामागे गेली. थेमेस आमच्या घरी राहिला, पण बदलला नाही. माझ्या मसुरीला नावं ठेवायचा. चुलीत धूप टाकू दे म्हणून रोज वाद घालायचा.

"माझ्या घरात नाही हं, आजोबा!"

"मग विहिरीपाशी टाकतो. विहीर तरी तुझ्या देवाची झाली नाही ना अजून?"

यावर मालखोस हसले. घरी आल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं हसू.

हिवाळ्यात म्हातारा गेला. दफनभूमीत जागा मिळाली नाही. आम्ही त्याला आमच्या जैतुनाच्या झाडांच्या कडेला पुरलं. प्रार्थना कोणत्या देवाची म्हणायची यावरून आम्ही नवराबायको भांडलो आणि शेवटी मुकाट्याने माती लोटली. मान वर केली तर कुंपणापलीकडे झब्दास उभा. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं होतं. तसाच निघून गेला.

आम्ही पुजाऱ्याला पुरल्याचं हा आता कुणाला सांगायला गेला? मी दाराला अडसर घातला आणि शिपायांच्या पावलांचा कानोसा घेत बसले. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. तरी अडसर काढायला माझा हात धजेना.