मेंग गुरुजींची शिष्या

ग्युरीनं चटईवर पुन्हा पुन्हा थाप मारली, तरी मेंग गुरुजींनी तिचं मनगट सोडलं नाही.

थाप म्हणजे हार. ती ऐकली की हात तत्क्षणी सोडायचा, हे हापकिडो या कोरियन युद्धकलेच्या आपल्या आखाड्यात त्यांनीच छुंगजू शहरातल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं.

"गुरुजी, लागतंय."

"कोणी पाठवलं तुला?"

आवाज त्यांचाच होता, नजर नव्हती. वर्षभर ते विसरत चालले होते. नावांची अदलाबदल व्हायची, चपला सापडायच्या नाहीत. म्हणून तर बाकीचे कुणी नसताना, दुपारच्या वेळी ग्युरी त्यांच्यासोबत सरावाला यायची. पण असं कधी झालं नव्हतं. ही पकड सोडवायची कशी, ते तिला येत होतं. त्यासाठी त्यांना जमिनीवर आपटावं लागलं असतं. ऐंशीच्या घरातली हाडं. तिनं जोर लावला नाही.

त्यांनी तिला ढकलून दिलं आणि दार अडवून पवित्रा घेतला. मुठी जराही हलत नव्हत्या.

"घरात आणखी कोण शिरलंय?"

तेवढ्यात आतून गुरुजींच्या बायकोची, ओकबून काकूंची हाक आली, "ग्युरी, दमवू नकोस गं म्हाताऱ्याला! जवाचा चहा आणतेय."

पावलं वाजू लागली. गुरुजींची मान दाराकडे वळली. कोपर मागे गेलं. ग्युरीला ओरडायचं होतं, पण ओरडली असती, तर त्यांनी आधी वार केला असता.

तिनं पाय जुळवले, गुडघे टेकले, तळवे चटईवर ठेवले आणि कपाळ खाली नेलं. पवित्र्यातल्या माणसापुढे मान उघडी पडली. अंगातला कण न् कण वर बघ म्हणत होता. अनवाणी पावलं जवळ आली, तिच्या कानाशी थांबली. मानेवरची लव उभी राहिली. तिनं डोळे मिटले.

गुडघ्याचं हाड कडकन वाजलं.

तिनं पाहिलं. गुरुजी समोर गुडघ्यांवर होते. त्यांनीही कपाळ टेकवलं, सावकाश, रीतसर. मग ताठ बसत त्यांनी पोशाखाची घडी सारखी केली.

"कुणाची शिष्या तू?"

दार सरकलं. काकू ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

"मेंग गुरुजींची," ग्युरी म्हणाली.

"मेंग..." ते आठवू लागले. "फार कडक आहेत का गं?"

"पूर्वी होते."

"असावंच लागतं. हल्ली असं वाकायला कोण शिकवतं?" त्यांनी समाधानानं मान हलवली. "माझा नमस्कार सांग त्यांना."

ग्युरीनं सुजू लागलेलं मनगट बाहीत सरकवलं. दाराकडे पाहायचा धीर तिला झाला नाही.

"सांगते, गुरुजी."