मी जवळ गेलो की बंद पडतो

शिंपीकाका तोच लॅपटॉप घेऊन तिसऱ्यांदा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, तेव्हा दुरुस्तीवाल्या बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. बाईंचा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असायचा. गिऱ्हाइकं त्यांना वचकून असत आणि तरी त्यांच्याकडेच येत, कारण जे यंत्र बाईंना कळत नाही ते कुणालाच कळत नाही असा त्यांचा लौकिक होता. हा लॅपटॉप मात्र त्या लौकिकाचं मातेरं करायला निघाला होता.

तक्रार साधी होती. काकांचा मुलगा प्रबंध लिहीत होता. लिहिता लिहिता पडदा एकदम काळा होई आणि लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागे. दुकानात आणला की तो गुणी बाळासारखा चाले. बाईंनी पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, मेमरी बदलून पाहिली, चार्जर आणि बॅटरी तपासली. दिवसभर जड व्हिडिओ चालवून त्याला घाम फोडला, पण तो ढिम्म. घरी गेला की पुन्हा तेच रडगाणं.

"काका, घरी नक्की कधी बंद पडतो? नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? मला कळलंय ताई," काका म्हणाले. "मी जवळ गेलो की बंद पडतो."

त्यांनी शर्टावरून छातीच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. "हे बसवलंय ना, पेसमेकर. शिवताना दोरा सारखा तुटायला लागला की आम्ही कापडाला नावं ठेवत नाही, सुई बघतो. मी बरेच दिवस बघतोय. मी खोलीबाहेर असेपर्यंत पोराचं काम सुरळीत. मी खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो की खल्लास. दर वेळी."

बाईंना हसू आवरेना. "अहो काका, पेसमेकरनं लॅपटॉप बंद पडायला लागले तर आम्ही सगळे रोज तुमच्या नावानं दिवा लावू. भरपूर धंदा होईल."

काका हसले नाहीत. "म्हणून मी आता जातच नाही तिकडे. ताट दाराशी ठेवतो आणि मागे फिरतो. पूर्वी त्याच्यामागे स्टूल टाकून बसायचो. तो टाइप करायचा, मी काजं-बटणं करायचो. त्याची आई गेल्यापासून तेवढीच काय ती सोबत होती. पण त्याचं वर्ष वाया जायला नको ना, माझ्यापायी."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. लॅपटॉप गेला खड्ड्यात, हा माणूस स्वतःच्याच घरात वाळीत पडला होता. "उद्या मी घरी येते," त्या म्हणाल्या.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, खडूच्या रेघा पडलेलं कटिंगचं टेबल आणि जमिनीवर चिंध्या. आतल्या खोलीत मुलगा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, आणि बाईंना बघून तो उठला तेही नाइलाजानं. बाईंनी खोलीतला प्लग तपासला, वायर हलवून पाहिली, बोर्ड उघडून पाहिला. सगळं ठीक. मग त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात तापमानाचे आकडे लावून ठेवले.

"आता रोज उघडतोस ते उघड."

मुलानं आढेवेढे घेतले. मग फाइल उघडली. वर प्रबंधाचं भलंमोठं शीर्षक होतं, खाली दोन परिच्छेद आणि त्यानंतर कोरं पान. बाईंना वाटलं, पुढचं दुसरीकडे असेल.

"काका, या आत."

दारात काकांनी आधी मनगटावरचं घड्याळ काढलं. मग चष्मा काढला. गळ्यातल्या टेपच्या टोकाला पत्रा होता, म्हणून तीही काढून ठेवली. "काही काढू नका हो, या तसेच," बाई ओरडल्या, पण तोवर सगळं बाहेर गेलं होतं. काका ओल्या फरशीवरून चालावं तसे एकेक पाऊल टाकत आले. बाईंची नजर आकड्यांवर होती. आकडे जराही हलले नाहीत. काका खुर्चीपाशी पोचले आणि पडदा काळा झाला.

बाईंनी सहज खाली पाहिलं. मुलाचं बोट कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर होतं. ते बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की कुठलाही धडधाकट लॅपटॉप मान टाकतो. मुलानं बाईंकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

"बघितलंत?" काका म्हणाले. ते लगेच मागे सरले. "मी बाहेर जातो. तुम्ही चालू करा. आता होईल बघा."

काका स्वयंपाकघरात गेल्याचं ऐकून बाईंनी दात-ओठ खात विचारलं, "हे काय चालवलंयस?"

"काही लिहिलेलंच नाहीये," मुलगा म्हणाला. "वर्ष झालं. सुचतच नाही. बाबा मागे येऊन उभे राहतात. आज कुठवर आलं रे, विचारतात. त्यांना वाचता येतं सगळं."

"आणि पेसमेकरचं तू भरवलंस त्यांच्या डोक्यात?"

"नाही हो. त्यांनीच काढलं ते." तो रडायला लागला होता. "मी फक्त नाही म्हटलं नाही."

बाईंचा हात शिवशिवला. पण पोराची अवस्था बघून त्यांनी तो आवरला. "आजच्या आज सांग त्यांना."

"सांगतो. मला थोडा वेळ द्या. तुम्ही नका सांगू, पाया पडतो."

बाहेर काका चहाचे कप घेऊन उभे होते. चेहरा असा, की जणू डॉक्टरांनी निकाल सांगायला बोलावलंय. बाईंना एवढंच वाटलं की या माणसाच्या छातीवरचा आरोप आधी उतरवावा. पोरगं बाकीचं सांगेल.

"मदरबोर्ड गेलाय काका. आता दुरुस्त होणार नाही. तुमचा आणि तुमच्या पेसमेकरचा काडीचाही संबंध नाही."

"खरंच?" काकांनी कप खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "म्हणजे मी नव्हतो." ते तीन-चार वेळा तेच बोलले. बाईंनी आयुष्यात यंत्राबद्दल खोटं सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना त्या खोट्याचं समाधान वाटलं.

पुढच्या आठवड्यात काका दुकानात आले ते रिकाम्या हातांनी.

"नवा घेतला ताई. मिठाई घेऊन गेलो खोलीत, म्हटलं आता बसू दोघं. पहिल्याच दिवशी बंद पडला. मीच आहे ताई तो."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"हॉस्पिटलात जाऊन आलो," काका सांगत होते. "म्हटलं, दोन महिने हे बंद ठेवा, त्याचा प्रबंध होईपर्यंत. चक्कर येईल, येऊ दे, पडून राहीन घरात. तर डॉक्टर अंगावरच आले माझ्या. तुम्हाला यंत्रातलं कळतं. याचा जोर थोडा कमी करता येतो का, तेवढं सांगा."

बाईंनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. बटण, बोट, कोरं पान, वर्षभराचं थांबलेलं लिखाण. आवाज न चढवता, एकही शब्द न गाळता सांगितलं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत.

"ताई, मदरबोर्ड गेला म्हणालात, ते खोटं होतं?"

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून?"

"हो काका. पण आत्ताचं खरं आहे. तुमच्या गळ्याची शपथ."

काका उठले. त्यांनी बाईंच्या हातावर हलकेच थोपटलं. "तुमचं मन मोठं आहे ताई. माझ्यासाठी तुम्ही काहीही बोलाल, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण माझं दुखणं माझ्या पोराच्या माथी मारू नका."