ळ काढताना

चिमट्याची स्प्रिंग जरा कडक होती, आणि ते बाईंना बरं वाटलं. कपडे वाळत घालायचा साधा निळा चिमटा. पुठ्ठ्यातून कापलेल्या ळच्या कडेनं बाकीचे सगळे लागले होते, हा एकच उरला होता, आणि चिमुकल्या भिंगरीचा अंगठा नि पहिलं बोट त्याच्याशी झटत होती. नखं पांढरी पडली होती. मग मधलं बोट आपसूक खालून आधाराला आलं… आलं! त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षाच्या सुरुवातीला हीच बोटं सदा मुठीत असायची. मातीचा गोळा दिला तर नुसता थापटायची. मग मातीचे साप वळले, सापांची अक्षरं झाली, अक्षरांवर कागदाचे कपटे चिकटले, वाळूच्या ताटात बोट फिरलं — पेन्सिल मात्र नाही. आधी हात, मग अक्षर. बाईंच्या वर्गात हे असंच चालायचं, आणि ते त्यांनी कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं.

"आज बाबा येणारेत," भिंगरी म्हणाली. "बघायला."

"माहितीये. घाबरलीस?"

"मी नाही. तुम्ही?"

आगाऊ कुठली!

भिंगरीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मागच्या आठवड्यात दारात उभे राहून म्हणाले होते, "बाई, वर्ष संपत आलं, अजून चिमटेच चाललेत. पोरीला काय धोबीघाटावर पाठवायचंय मला?" पेन्सिलीनं एक अक्षर काढून दाखवलं तर ती इथेच राहील, नाहीतर समोरची शाळा, तिथे पहिल्या दिवसापासून पेन्सिल देतात. ज्याचं पोट अक्षरांवर चालतं त्या माणसानं हे म्हणावं… बाईंना तेच लागलं होतं. "या. बघा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, पण मान ताठ करून.

आणि ते आले. बाकीची मुलं घरी गेल्यावर, नखांत हिरवा रंग घेऊन, बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले. "हं, अ काढ बघू."

"अ नको. ळ काढेल ती."

हे मी का म्हणाले, बाईंच्या मनात आलं. अ तिला आला असता. पण ळमध्ये हात एका बाजूनं वळत जातो आणि मधेच त्याला उलटं फिरावं लागतं. ते फिरणं ज्याला कळतं तो हात तयार झाला, हे मला दाखवायचं होतं — आणि त्यांनाच दाखवायचं होतं, कारण ते ओळखतील. त्यांची भुवई वर गेली. ओळखलं होतं.

भिंगरीनं पेन्सिल टेकवली. थोडी वळवली. थांबली.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज… आणि बाईंचा हात गेला. त्यांनी तो पाठवला नव्हता. मागून वाकून लहान मुठीवर आपली मूठ ठेवायची, गिरवून घ्यायचं — त्यांच्या लहानपणी त्यांच्या बाईंनी असंच शिकवलं होतं. त्या उबदार, खडूच्या वासाच्या हाताखाली काय सुंदर अक्षर यायचं, आणि हात उचलला की कुठे नाहीसं व्हायचं! म्हणून तर इथे मदतनीस ताईंना वर्षभर बजावलं होतं, हात धरायचा नाही. आणि आता तळव्याखाली इवलीशी हाडं होती, पेन्सिल चालली होती, गोल सुरेख येत होता — कुणाचा? वडील तर मुलीच्या तोंडाकडे बघत होते. झालं असतं. निभावलं असतं.

"बाई, सोडा ना!" कोपर मागे ढकलत भिंगरी म्हणाली. "मला हलवता येत नाहीये."

बाईंनी हात काढला. भिंगरीनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पुन्हा सुरुवात केली. पहिला गोल वाटाण्याएवढा. मग ती वळणाची जागा — तिथे ती थबकली, मधलं बोट खालून रुतलं — आणि हात फिरला. दुसरा गोल बटाट्याएवढा, एका अंगावर कललेला.

वडील वाकले. "पडतंय की गं हे."

"पडत नाहीये. बसलंय."

ते नाकातल्या नाकात हसले. मग त्यांचं हिरव्या नखाचं बोट त्या रेघेवरून सावकाश फिरलं, मधल्या जागी रेंगाळलं. "इथं माझाही ब्रश अडतो," ते म्हणाले; कुणाला, कळलं नाही. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. कुठली बाजू आत, कुठली बाहेर, ते बाईंना दिसलं नाही.

"समोरच्या शाळेचं…"

"बघतो, बाई."

दोघं गेली. बाई डब्यात चिमटे गोळा करू लागल्या. भिंगरीच्या कोपराचा तो धक्का अजून अंगात होता. लाज वाटायला हवी होती; ती होतीही, एका कोपऱ्यात. पण सकाळपासून वडिलांसाठी जपून ठेवलेला अभिमान कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी हा दुसराच, अनोळखी, छाती भरून टाकणारा — ढकललं तिनं, मला ढकललं! हे आत्ता, लगेच, कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. फक्त सांगायचं तर आपला हात कुठे होता, तेही आधी सांगावं लागणार होतं…