बिनदाराच्या घरी आलेला शिपाई

आक्काबाईंना वडिलांविषयी जे ठाऊक होते ते सगळे मिळून एका मुठीत मावले असते. खाकी कापडाचा उबट वास, गालाला टेकलेले गार पितळी बटण, आणि अंगणातून आलेली हाक, "आक्केऽ!" मग कोणीतरी उंच उचलले, खाली आईच्या हातातले तबक दिसले, आणि भोवती पांढरेशुभ्र ऊन. एवढेच. त्यापुढे आठवण संपत असे, झोप मोडल्यावर स्वप्न संपते तशी.

घरात मात्र कोणीही हे मान्य केले नाही. पुंजाराम लढाईवर गेला तेव्हा आक्का रांगत होती. ब्रह्मदेशातून तो बेपत्ता झाल्याची तार आली, आणि त्यानंतर त्याचा वाराही आला नाही, असे चुलते सांगत. आक्का हट्टाने म्हणायची, "आलता. एकदा आलता. मला उचललं हुतं." लग्नानंतर नवरा थट्टा करी, "सपनात आलता तुझा बाप. जाताना दार लावून गेला का गं?" या थट्टेवर सासरचे पोट धरून हसत, कारण आक्काचे माहेर शनीच्या शिंगणापूरचे, जिथे कुठल्याच घराला दार नसे. त्या घराला नुसती चौकट होती. कुत्र्यांनी आत शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी टेकवत, बाकी दार म्हणून काही नव्हतेच.

आई लंकाबाई या वादात कधी पडली नाही. लेकीने पदर धरून विचारले की ती हातातले काम न थांबवता म्हणे, "तुला आठवतंय ना? मग ऱ्हाऊ दे." होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कपाळावरचे कुंकूही तिने शेवटपर्यंत पुसले नाही.

आता आक्काबाई त्र्याऐंशीच्या होत्या आणि सोनईत नातवाच्या घरी राहत होत्या. या घराला सागवानी दार होते, दाराला लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप होते. नातसून मोनिका राहुरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांवर कॉलेजात प्रदर्शन भरणार होते आणि त्यासाठी एका चित्रपट-संग्रहालयाने जुन्या वार्तापटांची फीत उतरवून पाठवली होती. त्या दिवशी मोनिका दुपारीच घरी आली. चपला नीट काढण्याचेही भान तिला नव्हते.

"आजी, एक तुकडा शिंगणापूरचा आहे. सेहेचाळीस सालचा. घराला दार नाही. एक शिपाई घरी येतो आणि लहान मुलीला उचलतो."

आक्काबाईंनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "गौहरला बोलाव. तिनं लई चिडवलंय मला. तिच्या म्होरं लाव."

गौहर दोन गल्ल्या पलीकडे राहत असे. आक्काबाईंहून पाच-सहा वर्षांनी धाकटी, गुडघ्यांनी अधू, जिभेने अजून तरणी. तिचे वडील कमरुद्दीन हे आक्काबाईंचे मामा. रक्ताचे नव्हे, पण लंकाबाई दर भाऊबीजेला त्यांना ओवाळी आणि ते दर भाऊबीजेला बांगड्या घेऊन येत. त्यामुळे नाते कोणी कधी तपासून पाहिले नव्हते.

"काय गं आक्का," खुर्चीत टेकताना गौहर म्हणाली, "शेवटी बापाला पिक्चरमध्ये काढलास व्हय? आता हिरॉइनही दाखव."

"बस गप. हिरॉइन मीच हाय."

मोनिकाने पडदे ओढले. खोलीत विहिरीतल्यासारखा हिरवट अंधार झाला आणि टीव्हीवर ते जुने दशक उलगडू लागले. त्याला आवाज नव्हता. आगगाडीतून शिपाई उतरत होते, हसत होते, त्यांच्या हसण्याचा ध्वनी मात्र कुठेतरी वाटेतच सांडून गेला होता. धान्याच्या दुकानापुढे लोक पिशव्या धरून उभे होते. बायका डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन शेताचे बांध चढत होत्या. एका नव्या कारखान्याच्या धुराड्याकडे गाडीचे बैल मान वर करून पाहत होते. सगळे पाण्याखाली चालल्यासारखे संथ, राखी रंगाचे. आक्काबाईंना वाटले, आपण हे पाहत नाही, आपण ह्यात हळूहळू उतरतो आहोत. पायाला गार लागते आहे.

मग चौकट आली.

शेजारचा लिंब आला. अंगणातले जाते आले. भिंतीवरचा पोपडा आला, ज्याचा आकार बसलेल्या मांजरासारखा होता आणि जो आक्काबाई साफ विसरून गेल्या होत्या. पडद्याच्या कडेने एक शिपाई खांद्यावर बोचके घेऊन अंगणात शिरला. टोपीच्या सावलीत चेहरा हरवला होता. त्याचे ओठ हलले. आतून परकरातली एक मुलगी धावत आली. त्याने तिला वर उचलले आणि तिचा गाल त्याच्या छातीवरच्या बटणाला टेकला. मागून लंकाबाई तबक घेऊन आली. तरुण, बारीक, नाकात नथ.

"हाच," आक्काबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "हाच माझा बाप. बघ गौहर. बघितलंस?"

गौहरने थट्टा केली नाही. तिने फक्त आक्काबाईंचा हात धरला. मोनिकाच्या डोळ्यांना पाणी आले होते. ती म्हणाली, "प्रदर्शनात या चित्राखाली मी पूर्ण नावं लिहिणार आहे, आजी. पुंजाराम, लंकाबाई आणि आक्का."

पण फीत संपली नव्हती. ही न कापलेली, कच्ची फीत होती. क्षणभर अंधार झाला, खडूने काही लिहिलेली पाटी समोरून गेली, आणि तोच शिपाई तेच बोचके घेऊन त्याच अंगणात पुन्हा शिरला.

"दोनदा आलता!" आक्काबाई उद्गारल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. "मला एकदाच आठवत हुतं. मोनिका, दोनदा आलता गं!"

 चित्रपटात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घेतात हे मोनिकाला ठाऊक होते, आणि या क्षणी ते ठाऊक नसते तर बरे, असे तिला वाटले.

पुन्हा पाटी. शिपाई तिसऱ्यांदा आला. या खेपेस एक कोंबडी त्याच्या पायांत घुटमळली. त्याला हसू फुटले, आणि कोणीतरी थांबवले असावे, कारण तो चौकटीपाशी उभा राहिला. टोपी काढून त्याने कपाळ पुसले. मग आतून कोणी बोलावले म्हणून मान वाकवून तो चौकटीखालून आत गेला. चौकट उंच होती. मान वाकवायची काही गरज नव्हती.

आक्काबाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड तिथेच थांबला. ती मान त्यांनी जन्मभर पाहिली होती. उंच चौकट असो, ठेंगणी असो, मांडवाची कमान असो, एक माणूस अशीच मान वाकवून आत येई, आणि आत आल्यावर बांगड्यांचा कागद पुढे करी.

"या अल्ला," गौहर पुटपुटली. "अब्बा."

 मोनिकाने चित्र थांबवले.

"अब्बा सांगायचे," गौहर सावकाश बोलू लागली, जणू तिलाही ते आत्ताच समजत होते. "सरकारी पिक्चरवाले आलते म्हनून. लढाईवरनं आलेल्या शिपायाचं पिक्चर काढायचं हुतं. अब्बाबी लढाईवरनं आलते, आन गावात पुरता खाकी डगला एकट्या अब्बांचा, आन त्यांचं तर लगीनच झालं न्हवतं. मग घरला कुनाच्या जायचं? साहेब म्हनला, दार वाजव, बायको दार उघडंल. अब्बा म्हनले, साहेब, गावात दारच न्हाई, वाजवू काय, कपाळ? मग साहेब म्हनला, हाक मार. त्या काळी बायकोला नावानं कोन हाक मारतंय? लेकराचं नाव घेऊन हाक मारली. हे सांगून आमाला हसवायचे. पन कुनाचं घर ते कधी सांगितलं न्हाई. एक बाई हुती, घरची बाकी मानसं रानात गेलती, एवढंच म्हनायचे."

"आन ती बाई कशी तयार झाली?" आक्काबाईंनी विचारले. "नवरा बेपत्ता, आन परक्या मानसाला वोवाळायला?"

"साहेबानं सांगितलं म्हनं, हे पिक्चर लई लांब जातं. समुद्रापल्याड, छावन्यात, दवाखान्यात, जखमी शिपायांना दाखवत्यात. तवा ती म्हनली, मग काढा. माझा मानूस कुठं पडला आसंल तर त्याला घर दिसंल. लेक केवढी झाली ते दिसंल." गौहर थांबली. "आन अब्बांना म्हनली, वोवाळीन, पन भाऊ म्हनून. पिक्चरवाल्यांनी काय समजायचं ते समजू दे."

तर मामा तिथून आले होते. त्या उन्हातून, त्या चौकटीतून. आक्काबाईंनी मांडीवरचा पदर मुठीत धरला. जन्मभर जपलेली मूठ उघडली होती आणि आत दुसऱ्याच कोणाची चीज निघाली होती. वास मामांचा होता. बटण मामांचे होते. हाकही मामांचीच.

"म्हंजी मी त्याला पाह्यलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "येकदाबी न्हाई."

"आजी, बंद करू का?"

"न्हाई. हाय तेवढं दाव."

शेवटचा तुकडा लंकाबाईचा होता. तिने शिपायाच्या कपाळाला टिळा लावला, तबक ओवाळले, आणि मग जे करायचे नव्हते ते केले. तिने मान वळवली आणि सरळ समोर पाहिले. कॅमेऱ्यात. पडद्याच्या कोपऱ्यात एक हात आला आणि हलू लागला, इकडे बघू नको म्हणून. ती बघतच राहिली. जवळच्या शिपायाला ती विसरली होती. मुलीला तिने कडेवर घेतले आणि थोडे पुढे धरले, एखाद्याला नीट दिसावे म्हणून धरतात तसे.

"बाई कॅमेऱ्याकडं बघतीया," गौहर हळूच म्हणाली.

"न्हाई," आक्काबाई म्हणाल्या.

त्यांना दिसत होते ती कोणाकडे पाहते आहे. जो कुठल्या तरी छावणीतल्या अंधारात बसून हे चित्र पाहणार होता, त्याच्याकडे. पुंजाराम चित्रात नव्हताच, आणि असणारही नव्हता. त्याची जागा चित्राच्या अलीकडे होती, अंधारात, इथे, जिथे आज आक्काबाई बसल्या होत्या. आठ दशकांपूर्वी ती नजर निघाली होती आणि अजून कोणापाशी पोचली नव्हती. वडिलांनी जे पाहायचे होते ते आक्काबाई त्यांच्याच जागेवर बसून पाहत होत्या. आईच्या कडेवरची ती पोर इकडे बोट दाखवत होती.

फीत संपली. मोनिकाने पडदे सारायला हात उचलला, तसा आक्काबाईंनी तिला थांबवले.

"नावं नीट लिही. लंकाबाई, तिची लेक, आन तिचा भाऊ कमरुद्दीन. नवरा लिहू नको."

"आणि पणजोबांचं नाव?"

आक्काबाई विचारात पडल्या. "त्याचं नाव चित्राखाली नगं," त्या म्हणाल्या. "चित्राच्या म्होरं एक खुर्ची ठेवशील? तिच्यावर कुनाला बसू देऊ नको. तिच्यावर लिही."

मोनिकाने मान हलवली. गौहर डोळे पुसता पुसता म्हणाली, "आता मला ताई म्हन. मामाची लेक हाय मी, आन तुझ्या पिक्चरच्या हीरोचीबी."

"धाकटी हायेस. गप बस." मग मोनिकाकडे वळून, "ते शेवटचं पुन्यांदा लाव."

पुन्हा तबक फिरले, पुन्हा ती मान वळली. आक्काबाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी पदर सावरला, बैठकीत मोठी माणसे समोर असली की सावरतात तसा, आणि पडद्यावरच्या तरुण बाईकडे पाहून अगदी हळू म्हणाल्या, "दिसलं गं. घर दिसलं. लेकबी दिसली."

"कुनाशी बोलतीस?" गौहरने विचारले.

"तुझ्या आत्याशी," आक्काबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला गप्प राहण्याची खूण केली, कारण लंकाबाई अजून पाहत होती.