सादियाच्या नोकऱ्यांचे बारा साक्षीदार

मोरोक्कोतल्या लाराशच्या नगरपालिकेसमोर माझं टेबल आहे. लोकांचे अर्ज भरून देते, वीस वर्षं झाली. खोटं लिहायला सांगणारं गिऱ्हाईक आलं की माझं डोकं फिरतं, आणि अशी गिऱ्हाइकं रोज येतात.

मुफद्दल आला तो आईला घेऊन. हातात व्हिसा नाकारल्याचं पत्र. त्याची बायको सादिया स्पेनमध्ये, तिला सातवा महिना लागलेला. तिथे तिच्या जवळचं असं कोणी नव्हतं. अर्ज पुन्हा फेटाळला, तर पोराचं तोंड हा फोनवरच बघणार.

पत्रात कारण स्वच्छ दिलं होतं. लग्नाच्या कागदात बायको परिचारिका, आणि तिकडच्या सरकारी नोंदीत शेतमजूर. बायको काय करते हे ज्याला धड सांगता येत नाही, त्याचं लग्न खरं कसं मानायचं?

“परिचारिका कुणी सांगितलं?” मी विचारलं.

मुफद्दलने आईकडे पाहिलं. गल्ली तिला मानाने लल्ला तामो म्हणते. तिने अंगातल्या पायघोळ जलाबाच्या बाह्या सारख्या केल्या. “मी. घर पाहुण्यांनी भरलेलं, अदूल कागद करायला बसलेला. भर मांडवात काय सांगू, सून स्ट्रॉबेरी तोडते म्हणून?”

अदूल म्हणजे आमच्याकडचा लग्नाचे कागद करणारा. त्याला काय, घरचे सांगतील तो धंदा तो लिहून घेतो. आमच्या गावातल्या निम्म्या सुनांचं शिक्षण असंच एका संध्याकाळी पूर्ण झालंय.

“आणि तुला माहीत होतं?” मी मुफद्दलला म्हटलं.

“होतं. पण यम्माचा शब्द मोडवेना.”

“शब्द मोडवत नाही, आणि संसार मोडला तर चालतो?”

अर्जात जोडीदाराच्या आजवरच्या सगळ्या नोकऱ्या विचारल्या होत्या, पदनाम आणि महिन्यांसकट. मी सरळ सादियाला फोन लावला. तिने घडाघडा सांगितलं. दोन हंगाम स्ट्रॉबेरी तोडणी. मग माल निवडायच्या शेडमध्ये. मग खोकी भरणं. मग एका म्हातारीची देखभाल, अकरा महिने. आणि गेली दोन वर्षं मुकादम, हाताखाली चाळीस बाया.

“एकही गाळू नकोस, रहीमो,” ती म्हणाली. “प्रत्येकीत माझी कंबर मोडलीय.”

अर्ज झाला. लग्नाचा कागद मात्र राहिला. तो दुरुस्त करायचा तर रीत एकच, खरं काय ते सांगणारे बारा साक्षीदार अदूलपुढे उभे करायचे.

“बारा!” तामो ओरडली. “म्हणजे मी खोटं बोलले हे अख्ख्या गल्लीला सांगायचं?”

“हो.”

ती ताडकन उठून चालू लागली. मुफद्दल मागून म्हणाला, “यम्मा, मी जन्मलो तेव्हा अब्बा कुठे होते?”

ती थांबली. “समुद्रावर,” म्हणाली. “एकटीने सोसलं मी.” दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बारा दारं वाजवली.

अदूलच्या खोलीत बारा पुरुष दाटीवाटीने बसले. त्याला साक्षीला बायका चालत नव्हत्या. त्यामुळे त्या खिडकीबाहेर उभ्या होत्या, आणि मीही तिथेच.

“सादिया काय काम करते?” अदूलने जाळी विणणाऱ्या अल्लालला विचारलं.

“स्ट्रॉबेरी तोडते.”

“तोडायची!” खिडकीतून त्याची बायको रकीया कडाडली. “आता मुकादम आहे! माझ्या शेजारच्या ओळीत होती ती, मला विचारा!”

“बायकांनी गप्प बसावं,” अदूल म्हणाला.

“तुम्ही बरोबर लिहा, आम्ही गप्प बसतो.”

मग काय, एकच गलका. कुणी म्हणे खोक्यांवर ती दीड वर्ष होती, कुणी म्हणे सोळा महिने. आतले पुरुष खिडकीकडे बघत माना डोलवायला लागले आणि अदूलची लेखणी बाहेरच्यांच्या बोलण्यावर चालायला लागली.

तामो सुन्न झाली होती. “तुम्हाला माहीत होतं? सगळ्यांना?”

“लल्ला, आम्ही एकाच बोटीतून गेलो होतो तिकडे,” रकीया हसत म्हणाली. “तुमचं मन राखत होतो, एवढंच.”

तामोचे डोळे भरले, आणि ती त्याच दमात हसलीही. मग आत घुसून अदूलच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, “लिहा, मुकादम. चांगलं ठळक लिहा.” मला तर खिडकीबाहेर नाचावंसं वाटलं. वीस वर्षांत खऱ्याचा इतका गाजावाजा मी पाहिला नव्हता.

मुलाखतीत मुफद्दलने पाचही नोकऱ्या कागदाकडे न बघता सांगितल्या, महिन्यांसकट. व्हिसा तीन आठवड्यांत आला. सादियाचे दिवस भरायला अजून महिना होता.

त्याला निरोप द्यायला बसस्थानकावर अख्खी गल्ली लोटली. पलीकडच्या गल्लीतली शामाही आली. फ्रान्समधली सून डॉक्टर आहे, हे ती सोमवारपासून रविवारपर्यंत सांगत असते. “मग लल्ला तामो,” ती गोड आवाजात म्हणाली, “शेवटी सून मजूरच निघाली म्हणायची.”

तामोने मुफद्दलची बॅग बसमध्ये चढवली, त्याचं कपाळ चुंबलं आणि सावकाश मागे वळली.

“माझ्या सुनेच्या कामाला बारा साक्षीदार आहेत, शामा,” ती म्हणाली. “तुझ्या डॉक्टरणीला किती मिळतील?”