मुंग्यांची परीक्षा

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्यासमोर वाळक्या भोपळ्याची एक वाटी आहे, ओंजळीत मावेल एवढी. तिच्या तळाशी आईच्या दुधाचे चार थेंब आहेत. पांढरे नाहीत, आंब्याच्या रसासारखे पिवळे आणि दाट. एक म्हातारी अंगणातल्या मातीतून काळ्या मुंग्या उचलते आणि एकेक करून त्या थेंबांत सोडते. एक, दोन, तीन. मुंग्या चढून बाहेर आल्या तर दूध गोड. आतच मेल्या तर दूध कडू, आणि बाळाला ते द्यायचं नाही.

दिसलं? मग आता त्या अंगणाच्या भिंतीला टेकवलेली सायकल पाहा. ती कचानाची.

नवरोंगो शहराच्या अलीकडे आमचं गाव. तिथे बाजाराच्या दिवशी कचाना शिआ झाडाच्या बियांचं लोणी विकायची, आणि उरलेले दिवस गरोदर आणि बाळंत बायकांच्या घरी जायची. हे काम तिने अकरा वर्षं केलं. पगार नव्हता, दवाखान्याने एक पिशवी आणि ही सायकल दिली होती. पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक चूक झाली. अशाच एका अंगणात तिने मुंग्यांची वाटी पायाने उडवली आणि म्हाताऱ्या बाईला चारचौघांत अडाणी म्हणाली. पुढे चार वर्षं त्या घराने तिला आत येऊ दिलं नाही. तेवढ्या काळात तिथे दोन बाळं जन्मली, त्यांना तिने रस्त्यावरूनच पाहिलं. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या अंगणात आधी बसायची, मग बोलायची.

"मेल्या," अलुआआजी म्हणाली. वाटीतली तिसरी मुंगीही पाय आखडून गप्प झाली होती. "तिन्ही मेल्या. दूध कडू आहे."

भिंतीला टेकून बसलेली तिची सून वेपिया मान खाली घालून रडू लागली. पहिलटकरीण होती ती. नवरा दूर कुमासीला बांधकामावर. मांडीवरची मुलगी काल पहाटे जन्मलेली. सकाळी बरी रडत होती, आता तिचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा झाला होता.

"मुलगी आहे, म्हणजे चार दिवस," आजी म्हणाली. "पाला उकळून त्या पाण्याने छाती धुवायची, रोज मुंग्या सोडून बघायचं. तोवर पोरीला कोमट पाणी."

चार दिवस! समोर बसलेल्या कचानाने बाळाच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. आत्ता बाळाने दूध ओढलं नाही तर त्याला लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं. आणि आजीने मान डोलावल्याशिवाय या घरातलं बाळ अंगणाबाहेर जाणार नव्हतं.

"काय गं, दातखीळ बसली का?" आजीने टोमणा मारला. "तुमच्या दवाखान्यात मुंग्या नसतात वाटतं?"

"असतात की. औषधांच्या कपाटातसुद्धा."

"मग शीक काहीतरी त्यांच्याकडून. बस, आधी पाणी पी. सायकल मारून मारून खराट्याची काडी झालीयस. नवरा बघणार नाही तोंडाकडे."

"तो आधीच घाबरून बघत नाही, आजी."

आजीला हसू फुटलं. तिने पाहुण्यांना द्यायचं, बाजरीचं पीठ आणि आलं कालवलेलं पाणी मोठ्या वाटीत आणलं. कचाना अर्धं प्यायली आणि तिने वाटी दोन्ही हातांत धरून ठेवली.

"असं पाणी गावात कुणाला जमत नाही."

"चाळीस वर्षं देतेय पाहुण्यांना."

"कडू नाही ना हे?"

"कडू? जीभ भाजली का गं तुझी?"

"मग यातही तीन मुंग्या सोडा ना, आजी. तुमच्याच हाताने."

आजीने तिच्याकडे रोखून पाहिलं. वेपियाचं रडणं थांबलं. आजी वाकली, मुंग्या वेचल्या आणि पाण्यात सोडल्या. पहिलीने खूप पाय झाडले. दुसरी पिठात रुतली. थोड्या वेळाने तिन्ही तरंगत होत्या, काळ्या तिळांसारख्या.

"मुंगीला पोहता येत नाही," कचाना हळू आवाजात म्हणाली. "पाणी असो, दूध असो."

आजी चिडेल, नाहीतर हसेल, असं तिला वाटलं होतं. आजीने यातलं काहीच केलं नाही. ती वाटीकडे बघतच राहिली.

"माझी पहिलीसुद्धा मुलगीच होती," ती म्हणाली. "सासूने मुंग्या सोडल्या. मी चार दिवस थांबले. छाती दगडासारखी झाली होती, दूध आपोआप गळायचं, तरी थांबले. चौथ्या दिवशी सासूने दूध गोड ठरवलं. पण पोरीने तोंडच उघडलं नाही." मग तिने मान वर केली. "माझं दूध कडू नव्हतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. कचानाने वाटी खाली ठेवली.

"नव्हतं, आजी. पण तेव्हा हे तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं."

अंगणात एक कोंबडी पिल्लांना घेऊन फिरत होती, आजी तिच्याकडे पाहत राहिली. मग हात कपड्याला पुसत उठली.

"सरक गं," ती सुनेला म्हणाली. "आणि ही पिवळी घाण? हे काय दूध आहे?"

"हा पहिला चीक. आजारांपासून राखतो तिला. हिचं पोट आत्ता बोराएवढं आहे, तिला एवढाच पुरतो. जितकं ओढेल तितकं मागून पांढरं दूध येईल. वरून पाणी नको, एक थेंबही नको."

"उकळलेलंसुद्धा?"

"उकळलेलंसुद्धा. धरा तुम्हीच, तुमचे हात सवयीचे आहेत. पोटाला पोट लागू दे. नाक बोंडासमोर."

"मला शिकवतेस? सात वाढवली मी."

"मग ही आठवी. थांबा, कोंबू नका. ओठांना नुसतं लावा. मोठा आ केला की मगच जवळ घ्या."

आजीने बोंड बाळाच्या ओठांवरून फिरवलं. बाळ ढिम्म. पुन्हा फिरवलं. कचाना त्याचे तळपाय चोळू लागली. वेपियाने श्वास रोखून धरला.

"उघड गं माझे आई," आजी पुटपुटली. "या वेळी उघड."

बाळाने जांभई दिली, आ मोठा झाला, आणि आजीने त्याला चटकन छातीशी धरलं. हनुवटी रुतली. गाल हलले. एकदा, दोनदा. आणि थांबले.

कचानाने पुन्हा तळपाय चोळले.

मग त्या एका दिवसाच्या मुलीने कपाळाला आठ्या घातल्या, कुणीतरी ताटावरून उठवायला आलंय अशा रागाने मूठ वळली, आणि घुटक घुटक आवाज करत प्यायला लागली.