एल्म्सबरीच्या पलटणीचा ढोल

मी ढोल बोलतोय. कातडं फाटल्यापासून वाजत नाही, म्हणून सांगायला सवड मिळाली.

मॅसॅच्युसेट्समधल्या एल्म्सबरी गावात असाहेल थेअर नावाच्या पिंपं करणाऱ्या माणसानं मला घडवलं. तेव्हा तिथं इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं. फळी वाफेवर वाकवली, तोंडांना वासराचं कातडं चढवलं, दोरीनं आवळलं. गावच्या पलटणीला ढोल हवा होता. पलटण म्हणजे लोहार, गवळी, गिरणीवाला. ज्याची त्याची बंदूक, ज्याचे त्याचे बूट. चर्चसमोरच्या हिरवळीवर कवायत करायची आणि मग सफरचंदाची दारू प्यायची. मला वाजवायचा असाहेलचा धाकटा भाऊ जोथम.

"घरी बायको बोलू देत नाही, म्हणून इथं बडवतोस होय रे?" असं कुणीतरी दरवेळी म्हणे, आणि सगळे दरवेळी हसत.

एका एप्रिलमध्ये निरोप आला, की राजाचे शिपाई गावकऱ्यांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला निघालेत. माझ्या ठोक्यावर सगळे गावाबाहेर पडले. परतताना असाहेल गाडीत आडवा होता, चादरीखाली. त्याला पुरताना आवाज दबावा म्हणून माझ्यावर काळं फडकं बांधलं. जोथमनं एकही ठोका चुकवला नाही. घरी येऊन मला खुंटीला टांगलं आणि वाढलं तेवढं जेवला. त्याला काय वाटलं ते मला कळलं नाही. मला तर काहीच वाटलं नाही. मी ठोके दिले होते.

मग माळा. उंदीर, धूळ. कित्येक पिढ्या गेल्या.

पुढं गावातल्या हौशी लोकांनी जुन्या पलटणीचे कोट शिवले आणि दर उन्हाळ्यात मिरवणूक काढू लागले. मलाही खाली आणलं. त्यांचा कप्तान मेरिल थेअर, त्याच घराण्यातला, खिळे-स्क्रूंचं दुकान चालवणारा. त्याचा मोठा मुलगा रोलंड कोरियाच्या युद्धात मेला. शवपेटी घरी आली तेव्हा मेरिलनं मला स्वतःच्या गळ्यात अडकवलं. पुन्हा काळं फडकं. त्याचाही ठोका चुकला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. लोक म्हणाले, खंबीर माणूस.

त्याची मुलगी लेनोर टेलिफोन ऑफिसात कामाला होती आणि अरमांड गान्योच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. रॉक अँड रोल तेव्हा नवं होतं. गावातली मोठी माणसं नाकं मुरडायची. मेरिल तेही करत नसे. जेवताना ताटाकडे बघत बसायचा, असं ती अरमांडला सांगायची.

गावच्या हॉलमध्ये नाच होता. नाच ऐन रंगात आला असताना लेनोरच्या ड्रमचं कातडं गेलं. मी तिथंच भिंतीवर, पलटणीच्या कोटांशेजारी टांगलेला. ती खुर्चीवर चढली आणि मला खाली काढलं.

"तुझा बाप जीव घेईल," अरमांड म्हणाला.

"घेऊ दे. निदान काहीतरी करेल."

जोथमचा जोर पहिल्या पावलावर असे. हिचा दुसऱ्यावर पडायचा, आडवा. पोरंपोरी रांगेत चालली नाहीत, जिथल्या तिथं गरगर फिरली. कुणीतरी मेरिलला कळवलं असावं. तो दारात येऊन उभा राहिला. लेनोरनं त्याला पाहिलं, आणि थांबायच्या ऐवजी जोर वाढवला. माझं कातडं काठापासून मध्यापर्यंत फाटलं. गाणं थांबलं.

मेरिल मंचावर आला. चिरेवरून बोट फिरवलं.

"फाटला."

"हो."

मग गिऱ्हाइकाला खिळ्याचं माप विचारावं तशा आवाजात तो म्हणाला, "रोलंडला पुरलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही, लेनोर. ठोका चुकू नये एवढंच डोक्यात होतं. अजून तसंच आहे."

"मलाही काही वाटत नाही, बाबा. म्हणून तर इतकं बडवते."

दोघं मंचाच्या कडेला बसली. मी त्याच्या मांडीवर. कुणी रडलं नाही. अरमांडला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं हळू गिटार सुरू केली. लोक पुन्हा नाचले. मेरिल शेवटपर्यंत उठला नाही.

त्या उन्हाळ्यात पलटण ढोलाशिवाय निघाली. कुणाची पावलं कुणाशी जमेनात, बघे हसले. हे मला लेनोरच्या बोलण्यातून कळलं. कबरस्तानाच्या फाटकापाशी मेरिल थांबला म्हणे. पुढं ओढायला ठोका नव्हता. तो रांग सोडून आत गेला आणि रोलंडच्या दगडापाशी गवतात बसून राहिला, कोट मळेपर्यंत. लेनोर फाटकाशी थांबली. पलटण तशीच पुढं गेली.

आता ती दोघंही नाहीत. मी गावच्या वाचनालयात काचेच्या पेटीत आहे. परवा समितीची माणसं आली होती. मोठा उत्सव येतोय. मला नवं कातडं चढवून मिरवणुकीपुढं वाजवत न्यायचं चाललंय. त्यांनी चीर मापली, हळहळले. भली माणसं आहेत.

तुमची त्यांच्याशी ओळख असेल तर एवढं सांगा. राहू द्या फाटका. मी वाजलो की माणसं फाटकापाशी थांबत नाहीत.